नाव नसलेल्या जंतूची ओळख

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हांला बोलावले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली, याबद्दल आभार. आम्ही म्हणजे जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत आलेली माणसे. भाषणाची आम्हांला सवय नाही. रोग्याच्या खाटेपाशी डॉक्टर असतात, परिचारिका असतात; आम्ही मागच्या खोलीत असतो. रोग्याला आमचे तोंड दिसत नाही, आम्हांला त्याचे दिसत नाही. आमच्याकडे येते ती नंबर चिकटवलेली बाटली आणि आमच्याकडून जातो तो एक कागद. त्या कागदावर जी एक ओळ असते, तिच्याबद्दलच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

त्या ओळीत बहुधा जंतूचे नाव असते. कधी 'वाढ नाही' असे असते. कधी 'बाहेरून मिसळलेला जंतू' असा शेरा असतो. आणि कधी नुसते कुळाचे नाव लिहून त्यापुढे 'स्पीशीज' एवढाच शब्द असतो. म्हणजे आडनाव कळले, माणूस कोण ते कळले नाही. पोस्टमनला नुसते आडनाव लिहिलेले पत्र दिले तर तो बिचारा चाळीत कोणाच्या दारात टाकणार? डॉक्टरांचेही तसेच होते. औषध तर आज रात्रीच सुरू करावयाचे असते. ते कोणते, किती दिवस आणि बंद कधी करावयाचे, हे त्या अर्धवट नावावरून ठरत नाही.

जंतूला नाव मिळणे ही पुस्तकी बाब नाही, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये ओळखला तो १८९४ साली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. जंतू हाती होता, वाढवता येत होता, म्हणूनच वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईतच लस तयार करता आली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जंतूची ओळख पटून तेव्हा तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ओळख, लस आणि लस घरोघर पोहोचणे यांतले अंतर किती जीव घेते, ते या तीन तारखा एकाखाली एक लिहिल्या की दिसते.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करतो. इंग्रजीतल्या 'स्पीशीज'ला शास्त्राच्या कित्येक मराठी पुस्तकांत 'जाती' म्हटले आहे. या सभागृहात तो शब्द उच्चारणे आम्हांला जड जाते. शिवाय शास्त्राच्या त्या अर्थाने सगळी माणसे मिळून जाती एकच, दुसरी नाहीच. तेव्हा जे लोक माणसांत जाती मोजतात त्यांना निदान जीवशास्त्राचा आधार मागता येणार नाही. आम्ही आज 'प्रजाती' हा शब्द वापरू आणि त्यावरच्या पायरीला 'कुळ' म्हणू.

प्राण्यांमध्ये प्रजाती ठरविणे त्या मानाने सोपे. ज्यांची पिल्ले होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्ले होतात ते एका प्रजातीचे. जंतूंची लग्ने लागत नाहीत. एकाचे दोन, दोनाचे चार होतात, आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जनुके उसनी घेण्याची त्यांना सवय. त्यामुळे जंतूंची प्रजाती ही बरीचशी शास्त्रज्ञांनी एकमताने ठरविलेली मर्यादा आहे. ती मर्यादा काय, ते पुढे सांगतो. आधी एक खरी घडलेली हकिकत ऐका.

साल १९११. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. रंगूनच्या इस्पितळात आल्फ्रेड व्हिटमोर हे विकृतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांचे साहाय्यक होते सी. एस. कृष्णस्वामी. शवविच्छेदन हे त्यांचे रोजचे काम. एके दिवशी एका प्रेताच्या फुप्फुसात त्यांना चीजसारखे घट्ट झालेले भाग दिसले आणि कातडीखाली ठिकठिकाणी गळवे. पहिल्या नजरेला हा क्षय वाटावा. पण क्षयाचे जंतू दिसेनात. मग दुसरा संशय आला तो ग्लँडर्सचा. हा घोड्या-खेचरांचा रोग, कधीकधी माणसाला होणारा. दिसायला प्रकार अगदी तसाच होता.

येथेच थांबून कागदावर 'ग्लँडर्स' असे लिहून टाकले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण दोन-तीन गोष्टी जुळत नव्हत्या. एक तर रोग्यांचा घोड्यांशी संबंध नव्हता. हे रंगूनचे रस्त्यावरचे लोक होते, कंगाल, आणि त्यांतले पुष्कळजण मॉर्फियाची सुई टोचून घेणारे. दुसरे असे की ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हा तर चांगला पोहत होता. तिसरे, ग्लँडर्सचा जंतू नेहमीच्या आगरावर रडतखडत वाढतो, हा भराभर वाढत होता आणि जुन्या वाढीवर सुरकुत्या पडत होत्या. चौथी कसोटी गिनीपिगवरची. ग्लँडर्सच्या जंतूने नर गिनीपिगमध्ये जी ठराविक सूज येते ती या जंतूने येत नव्हती. मात्र जंतू टोचलेले प्राणी रोगाने मरत होते आणि त्यांच्या शरीरातून तोच जंतू पुन्हा मिळत होता.

१९१२ साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लेख लिहून कळविले की रंगूनच्या लोकांत एक नवाच रोग आढळला आहे. व्हिटमोर यांच्या पुढच्या लेखात अशी ३८ प्रकरणे होती. ज्या माणसांच्या मरणाची एरवी कोणी चौकशीही केली नसती, त्यांच्या प्रेतांवरून हा शोध लागला. आमच्या मते ही गोष्ट शोधाइतकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बेवारशी प्रेत म्हणून घाईघाईने काम उरकले असते तर हा जंतू आणखी कित्येक वर्षे ग्लँडर्सच्या नाहीतर क्षयाच्या नावाखाली लपून राहिला असता.

नाव पडले 'स्यूडोमॅलिआय', म्हणजे खोटा मॅलिआय. मॅलिआय हे ग्लँडर्सच्या जंतूचे नाव. कुळाच्या नावाबाबत मात्र या जंतूची बरीच फरफट झाली. आधी बॅसिलस, मग मॅलिओमायसिस, मग बराच काळ स्यूडोमोनास, आणि १९९२ पासून बर्खोल्डेरिया. वॉल्टर बर्खोल्डर हे अमेरिकेतले वनस्पतिरोगांचे अभ्यासक, कांदा सडविणाऱ्या जंतूवर काम केलेले; त्यांच्या नावावरून हे कुळ. रोगाला 'मेलिऑइडोसिस' म्हणतात. आणि गंमत पाहा. पुढे दोन्ही जंतूंचे जनुकीय साहित्य ताडून पाहिले तेव्हा असे दिसले की घोड्यांचा तो 'खरा' मॅलिआय हा या 'खोट्या' मॅलिआयपासूनच निघालेली एक शाखा आहे. मूळ पुरुषालाच खोटा ठरवून आपण मोकळे झालो होतो! पण नाव बदलले नाही. एकदा रूढ झालेले नाव सहजासहजी हलवायचे नाही, असाच संकेत आहे.

ही रंगूनची जुनी गोष्ट तुम्हांला आज का सांगितली? कारण हा जंतू आपल्या दाराशी आहे. तो चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो, भाताच्या खाचरांत राहतो. पावसाळ्यात तो मातीतून वर येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून, श्वासातून किंवा पाण्यातून शरीरात शिरतो. मधुमेह असलेल्या माणसाला तो सर्वांत अधिक गाठतो. चिखलणी-लावणीला अनवाणी उभा राहणारा आणि साखर तपासून न घेतलेला शेतमजूर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे धोका कोणाला ते कळेल. भारतातल्या रोग्याची पहिली नोंद म्हणून जिचा हवाला दिला जातो ती १९९१ मधली, मुंबईतल्या एका बालकाची. रंगूनपासून मुंबईपर्यंत यायला नावाला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. जंतू त्याआधी येथे नव्हता असे मानण्यास कारण नाही. त्याला ओळखणारे नव्हते. पुढे वेल्लोर, मणिपाल येथील रुग्णालयांनी लक्ष घालून शोधायला सुरुवात केली तेव्हा दक्षिणेत आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवर रोगी सापडत गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात जगभर या रोगाचे सुमारे १ लाख ६५ हजार रोगी झाले असावेत आणि त्यांतले सुमारे ८९ हजार मृत्युमुखी पडले असावेत. त्यांतला मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे.

आता कागदावरच्या त्या ओळीकडे या. रोग्याला महिनाभर ताप, खोकला, वजन उतरलेले, क्ष-किरण चित्रात डाग. आपल्याकडे अशा वेळी क्षय मानून गोळ्या सुरू करणे साहजिक आहे, कारण क्षय घरोघर आहे. रक्ताची किंवा पुवाची तपासणी केली तर अहवाल येतो 'स्यूडोमोनास स्पीशीज', नाहीतर 'बाहेरून मिसळलेला जंतू'. डॉक्टर जेंटामायसिन देतात. या जंतूवर ते चालत नाही, कोलिस्टीनही चालत नाही. त्याला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दहा-चौदा दिवस लागते, आणि बरे वाटू लागल्यावरही पुढे तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो. आठवड्याभराचे औषध आणि तीन महिन्यांचे औषध यांतला हा फरक केवळ नावातून आलेला आहे.

हे ओळखायला मोठे यंत्रच हवे असे नाही, हे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. ग्रॅम रंगात लाल दिसणारा दांड्याच्या आकाराचा जंतू, बहुधा दोन टोकांना गडद आणि मध्ये फिका, सेफ्टीपिनसारखा. ऑक्सिडेज चाचणी होकारार्थी. आणि आगरावर औषधाच्या तीन चकत्या. जेंटामायसिनच्या आणि कोलिस्टीनच्या चकतीपर्यंत वाढ भिडलेली, पण को-अमॉक्सिक्लॅव्हच्या चकतीभोवती मोकळे वर्तुळ. इतके जुळले की हात थांबवावा, वरिष्ठांना बोलवावे आणि ती प्लेट सुरक्षा-कपाटात हलवावी. याचे काही प्रकार अपवाद निघतात, म्हणून शेवटचा निर्णय मोठ्या प्रयोगशाळेने करावा. पण संशय घेण्याचे काम तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. आणि एक सूचना. या जंतूच्या वाढीला ओल्या मातीसारखा वास येतो असे पुस्तकांत वाचाल. वाचा आणि सोडून द्या. प्लेट नाकाशी नेऊ नका. श्वासावाटे तो जंतू तुमच्या फुप्फुसात जाईल.

रंगूनला जंतू भराभर वाढत होता, म्हणून हाती लागला. जो वाढतच नाही त्याचे काय करायचे? १९७६ च्या जुलैत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांचा मेळावा एका मोठ्या हॉटेलात भरला. घरी परतल्यावर एकामागून एक आजारी पडू लागले. मेळाव्याला आलेल्यांपैकी १८२ जणांना न्यूमोनिया झाला आणि २९ दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने विष, विषाणू, बुरशी सगळे शोधले. महिने गेले, वर्तमानपत्रांनी टर उडविली. नेहमीच्या आगरावर काही उगवेना. नेहमीच्या रंगाने फुप्फुसाच्या तुकड्यात काही नीट दिसेना.

तेथे जोसेफ मॅकडेड नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचे नेहमीचे काम वेगळेच, रिकेट्सिया जंतूंचे. त्यांनी मृतांच्या फुप्फुसाचा अंश गिनीपिगला टोचला होता, आणि स्लाइडवर कोठे कोठे एखादा दांडा दिसला होता. गिनीपिगमध्ये असे इकडचे तिकडचे जंतू असतातच, म्हणून तो बाजूला ठेवला गेला. डिसेंबरच्या अखेरीस सुट्टीच्या दिवसांत त्यांनी जुन्या स्लाइडी पुन्हा काढल्या. एका ठिकाणी दांड्यांचा पुंजका दिसला. एखाददुसरा चुकार असतो, पुंजका चुकार नसतो. मग त्यांनी कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यांत तो वाढवून पाहिला. नेहमीच्या पद्धतीत इतर जंतू माजू नयेत म्हणून अंड्यांत प्रतिजैविके घालतात. या वेळी ती घातली नाहीत, आणि जंतू वाढला. रोगातून उठलेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याच्याशी जुळली. १८ जानेवारी १९७७ रोजी जाहीर झाले की कारण एक नवा जंतू आहे. १९७९ मध्ये त्याला 'लेजिओनेला न्यूमोफिला' हे नाव मिळाले.

मग असे कळले की त्याला वाढायला लोह आणि सिस्टीन हवे. ते मिळाले की तो प्लेटवरही येतो. हेही कळले की पेनिसिलिनच्या वर्गातली औषधे त्याच्यावर निरुपयोगी, कारण तो पेशीच्या आत दडतो. एरिथ्रोमायसिन मात्र चालते. आणि आणखी एक गोष्ट: १९६८ साली मिशिगनमधील पाँटिअॅक येथे एक तापाची साथ येऊन गेली होती, कारण न कळता. तेथील लोकांचे रक्तद्रव केंद्राने शीतकपाटात जपून ठेवले होते. आठ-नऊ वर्षांनी ते बाहेर काढले, तर त्यातही याच जंतूची प्रतिपिंडे! म्हणून आम्ही नव्या मुलांना सांगतो की न उलगडलेले नमुने फेकायचे नसतात. नंबर, तारीख घालून ठेवून द्यायचे असतात. शीतकपाटात जागा नसते आणि साहेब ओरडतात, हा भाग वेगळा.

यानंतर शास्त्राला एक नवीनच दार उघडले. जंतू वाढविल्याशिवाय त्याला ओळखता येऊ लागले. कार्ल वूझ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने बनविणारा जो कारखाना असतो, त्याच्या एका भागावरून सगळ्या सजीवांची वंशावळ मांडता येते. जंतूंमध्ये त्या भागाच्या जनुकाला 'सोळा एस' म्हणतात. त्याची लांबी सुमारे दीड हजार अक्षरांची. काही भाग सर्व जंतूंत जवळजवळ सारखे, तर काही भाग कुळाकुळात वेगळे. सारख्या भागाला पकडून पूर्ण जनुकाच्या प्रती काढायच्या आणि वेगळ्या भागावरून कूळ वाचायचे.

याचा रोग्याच्या कामी कसा उपयोग झाला ते पाहा. १९८० च्या दशकात एड्सच्या काही रोग्यांच्या अंगावर लाल गाठी येत. कापोसीच्या कर्करोगासारख्या दिसत, म्हणून कर्करोग समजून घेतला जाई. चांदीच्या रंगाने रंगविल्यावर त्या गाठींत जंतू दिसत, पण ते वाढत नव्हते. १९९० मध्ये डेव्हिड रेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीच्या तुकड्यातूनच सोळा एस जनुक काढून वाचले. ते पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत सैनिकांना ताप आणणाऱ्या जंतूच्या अगदी जवळचे निघाले, पण तेच नव्हते. दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, जंतू वाढवून त्याला रीतसर नाव देण्यात आले. आज तो बार्टोनेला हेन्सेली म्हणून ओळखला जातो. मांजराच्या बोचकाऱ्याने मुलांच्या काखेत गाठी येतात, त्यामागेही हाच निघाला. ज्या गाठींना कर्करोग समजले होते त्या एरिथ्रोमायसिनसारख्या साध्या औषधाने विरत होत्या.

व्हिपल यांच्या नावाच्या रोगाची कथा याहून लांब आहे. १९०७ साली जॉर्ज व्हिपल यांनी रोगाचे वर्णन केले. १९९० च्या सुमाराला जनुकावरून जंतू कळला. तो प्रयोगशाळेत प्रत्यक्ष वाढला २००० साली. त्र्याण्णव वर्षे. तिच्यात आज शिरत नाही.

मग एखादा जंतू नवी प्रजाती आहे हे ठरते कसे? सोळा एस जनुक वाचून माहीत असलेल्या साऱ्या जंतूंशी ताडतात. सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी जुळले तर नव्याचा संशय पक्का होतो. त्याहून अधिक जुळले तरी निश्चिंत होता येत नाही, कारण काही जंतू सोळा एसमध्ये जुळे भाऊ आणि बाकी सगळ्यात परके असतात. म्हणून आता संपूर्ण जनुकसंच वाचतात. दोन संचांतील जुळणाऱ्या भागांची सरासरी ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेली तर प्रजाती वेगळी मानतात. पूर्वी दोन जंतूंचे डीएनए एकत्र तापवून, थंड करून ते एकमेकांशी किती बांधले जातात ते पाहात, आणि १९८७ साली त्याची मर्यादा ७० टक्के ठरली होती. नवी मर्यादा त्या जुन्या मर्यादेशी जुळवूनच घेतली आहे. त्याखेरीज तो काय खातो, कोणत्या तापमानाला वाढतो, त्याच्या भिंतीतली स्निग्धाम्ले कोणती, हे सगळे लिहावे लागते. नाव लॅटिनच्या व्याकरणात बसवावे लागते. आणि मूळ जंतू दोन वेगवेगळ्या देशांतील दोन सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कोणालाही तो मागवून पडताळून पाहता येईल. आपल्याकडे चंदिगडला असा संग्रह आहे आणि २००९ पासून पुण्यातही आहे. 'माझ्याकडे आहे, पण दाखवणार नाही' असे म्हणणाऱ्याचे नाव ग्राह्य धरले जात नाही, ही अट आम्हांला फार आवडते.

मात्र येथे एक सावधगिरी. नवा जंतू सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असे नव्हे. आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात कोट्यवधी जंतू सुखाने नांदतात आणि त्यांतल्या कितीकांना अजून नाव नाही. रक्ताच्या बाटलीत एखादा आला तो सुईबरोबर कातडीवरून आला असेल. दोन वेगळ्या हातांतून घेतलेल्या दोन्ही बाटल्यांत तोच आला, पुवात आला, पेशींच्या आत दिसला, योग्य औषधाने तो गेला आणि रोगही गेला, तर आरोप उभा राहतो. एका रोग्यातून एकच जंतू मिळवायचा आणि घाईने नाव देऊन मोकळे व्हायचे, असे अलीकडे पुष्कळ होते. आम्हांला ते रुचत नाही. एकाच नमुन्यावरून त्या प्रजातीचा स्वभाव काय कळणार?

आता यंत्रांबद्दल. मोठ्या रुग्णालयांत आज असे यंत्र आहे की त्यात जंतूचा एक ठिपका ठेवला की लेसरच्या झोताने त्यातली प्रथिने उडतात, त्यांच्या वजनांचा आलेख निघतो आणि काही मिनिटांत नाव हाती येते. यंत्र उत्तम आहे, आम्ही त्याचे चाहते आहोत. पण ते नाव शोधते आपल्या जवळच्या यादीतून. यादीत जे नाही त्याला ते शेजाऱ्याचे नाव देते, किंवा गप्प बसते.

याचे उदाहरण एलिझाबेथकिंगिया कुळाचे. यातला मेनिंगोसेप्टिका हा तान्ह्या बाळांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंतू १९५९ पासून ठाऊक आहे. २०११ साली अॅनोफिलिस जातीच्या डासाच्या आतड्यातून त्याचा एक भाऊबंद मिळाला, त्याला अॅनोफेलिस हे नाव दिले. डासाच्या पोटातला म्हणून रुग्णालयांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २०१५-१६ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात साठाहून अधिक माणसे आजारी पडली, तेव्हा जंतू हाच निघाला. मग ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी जुने साठे उघडून पाहिले, तर 'मेनिंगोसेप्टिका' अशी चिठ्ठी लावलेल्या नळ्यांपैकी पुष्कळांत प्रत्यक्षात अॅनोफेलिस होता. यंत्रांच्या यादीत ते नाव नव्हते, म्हणून ती थोरल्या भावाचे नाव छापत राहिली होती. आता याद्या सुधारल्या आहेत. पण पुढचा अनोळखी जंतू आजच्या यादीतही नसणारच.

म्हणून तुमच्यापैकी जे बारावीनंतर प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाकडे किंवा सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळणार आहेत, त्यांना चार कामाच्या गोष्टी. यंत्राने दिलेल्या नावाशेजारी खात्रीचा आकडा असतो, तो आधी वाचा. ग्रॅम रंगाची स्लाइड स्वतः पाहिल्याखेरीज अहवालावर सही होऊ देऊ नका. रोग्याच्या कागदावर धंदा आणि गाव लिहिले नसेल तर फोन करून विचारा. 'शेतमजूर, मधुमेह, पावसाळ्यात ताप' एवढ्या शब्दांनी निम्मी वाट सरते. आणि घरच्या माणसांसाठी: ताप लांबला आणि डॉक्टरांनी रक्ताचे संवर्धन करायला सांगितले, तर शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त द्या. औषधाचे चार डोस पोटात गेल्यावर बाटलीत जंतू वाढणे कठीण होते, आणि मग आम्ही 'वाढ नाही' एवढेच लिहू शकतो.

व्याख्यान संपविताना एका विद्यार्थिनीने पाठविलेल्या चिठ्ठीचे उत्तर देतो. तिने विचारले आहे, 'शोध लावणाऱ्याला जंतूला स्वतःचे नाव देता येते का?' बाई, स्वतःचे देऊ नये असा संकेत आहे. दुसरे देतात. एलिझाबेथ किंग या अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात विचित्र, कोठेच न बसणाऱ्या जंतूंचे वर्गीकरण करीत बसत. त्यांनी केलेले ओळखीचे तक्ते पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळांत वापरले जात होते. १९६६ साली त्या वारल्या. १९७६ मध्ये किंगेला हे कुळ त्यांच्या नावाने झाले आणि २००५ मध्ये एलिझाबेथकिंगिया. आणि मघाशी सांगितलेल्या बार्टोनेला हेन्सेलीमधले 'हेन्सेली' हे नाव आहे डायान हेन्सेल यांचे. त्या ओक्लाहोमातील प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. त्या जंतूचे कितीतरी नमुने त्यांनीच गोळा केले होते.